रिकाम्या हातांची कासारीण

हात आधी पाहायचा, तोंड मागून. कासाराच्या धंद्यातली ही पहिली गोष्ट. बाई समोर बसली की ती कोणत्या रंगाच्या मागते तिकडे लक्ष द्यायचं नाही. रंग ती चारदा बदलते, हात बदलत नाही. अंगठ्याच्या बुडाशी जे हाड असतं, सगळा खेळ त्या हाडाचा. ते आत वळलं की बांगडी गेली. नाही वळलं तर बाई ओरडते, काच तुटते आणि शिव्या कासाराला.

शेजारचे मास्तर दिवाळीचा अंक काढतात. म्हणाले, "बाबाजी, तुमच्या धंद्याचं लिहा." मी चौथी शिकलेला माणूस. म्हटलं, लिहीन, पण बोलतो तसंच लिहीन. ते म्हणाले, चालते. तेव्हा काना-मात्रा त्यांचे, बाकी माझं.

बांगडीचं माप अजून आण्यांत आहे, इंचाचे सोळा आणे. दोन-चार म्हणजे दोन इंच चार आणे, दोन-सहा म्हणजे दोन इंच सहा आणे. सरकारनं आणे कधीच बंद केले, बायकांच्या हातावरून ते काही गेले नाहीत. मी माप कधी घेत नाही. रस्त्यानं चालणारी बाई पाहिली तरी सांगतो, दोन-चार, दोन-आठ. बसमध्ये बसलो की दुसरा काही उद्योग नसतो.

मग बोलणं. भरताना बाईचं ध्यान हातावर राहिलं की हात आवळतो. म्हणून तिला बोलतं करायचं. "सासू कशी आहे?" एवढं विचारलं की पुरतं. सासूचा विषय निघाला की हात लोण्यासारखा होतो, डझनभर कधी चढल्या तिला कळत नाही. सासू शेजारीच बसली असेल तर नणंदेचं विचारायचं.

आणि नखं. कासाराची नखं वाढलेली चालत नाहीत. परक्या बाईचा हात आपण धरतो, तिला ओरखडा उठला तर ती पुन्हा येत नाही, आणि चार जणींना सांगते ते वेगळंच. बाजाराच्या दिवशी सकाळी माझी नखं माझी बायको तपासायची. पेटी उचलायच्या आधी दोन्ही हात तिच्यासमोर धरावे लागायचे, शाळेत धरतात तसे.

शेवटी, ठरल्या तेवढ्या भरून झाल्या की वरून एक. तिचे पैसे नसतात. ती कासाराचा आशीर्वाद. मग बाई हात जोडते आणि उठते. त्या वरच्या एकीशिवाय मी आयुष्यात कोणाला उठू दिलं नाही.

आता असल्या कासाराच्या बायकोच्या हातात एकही बांगडी नव्हती. काचेची नाही, लाखेची नाही, पितळेचीसुद्धा नाही. कौसल्या तिचं नाव. गेल्या उन्हाळ्यात गेली.

लग्नात तिनं चुडा भरला होता. तिच्या बापानंच भरला, तोही कासार. आमच्या घरी हिंगणघाटला आली, पूजा-बिजा आटोपली, आणि एका दुपारी विहिरीवरून आली ती हात मोकळे करूनच. फोडल्या नव्हत्या, नीट उतरवल्या होत्या. सुतळीत ओवून माझ्या पेटीत ठेवल्या आणि म्हणाली, "घ्या, इकून टाका. नव्याच हायेत."

माझ्या आईनं कपाळाला हात लावला. "काऊन वं? काय झालं?"

"काई नाई झालं."

"मंग उतरवल्या काऊन?"

"मले नाई आवडत."

एवढंच. आई वाट पाहत बसली की पुढे काही बोलेल. कौसल्या भाकरी थापायला बसली.

मला तेव्हा कळलं नाही, आता कळतं. आपल्याकडे माणसानं जगावेगळं वागलेलं लोकांना खपतं. फक्त कारण द्यावं लागतं. डॉक्टरनं सांगितलं म्हणा, खपतं. अंगात येतं म्हणा, लोक पाया पडतात. पण "मला आवडत नाही" हे कारण कोणी धरत नाही. ते ऐकलं की माणसं बेचैन होतात, आणि मग स्वतःच कारणं शोधून आणतात.

हिंगणघाटच्या बायकांनी पुष्कळ शोधली. कोणी म्हणाली, हिला काचेचं पुरळ उठतं. कोणी म्हणाली, जन्मापासून काचेतच झोपली, कंटाळली असेल. एकीनं तर सांगितलं, कासार दारू पिऊन मारतो, बांगड्या हातात घुसतात, म्हणून घालत नाही. मी दारूला शिवलेलो नाही. ते माझ्या कानावर आलं तेव्हा मी भडकलो. कौसल्या हसून हसून लोळली. म्हणाली, "अजी, मारा ना मंग एखादी. बाईचं बोलणं कायले वाया जाऊ देता?"

सगळ्यात जास्त चाललेलं कारण माझ्या थोरल्या वहिनीनं काढलं. गोदावहिनी. ती म्हणाली, कौसल्येचा देवीला नवस आहे. हे सगळ्यांना पटलं. बायका तिच्याकडे आदरानं पाहू लागल्या. आयती इज्जत मिळत होती, पण कौसल्येला ती धरवेना. ज्या बाईनं विचारलं तिला, "नवस-बिवस काई नाई वं बाई, मले आवडत नाई." देवीच्या देवळात पुजाऱ्यानं कौतुक केलं तर त्यालाही तेच. गोदावहिनी मला म्हणाली, "भाऊजी, तुमची बायको डोक्यानं बरी हाय ना?"

बाजाराला ती माझ्यासोबत यायची. ती माल काढून द्यायची, मी भरायचो. गिऱ्हाईक तिच्या मनगटाकडे पाहायचं आणि टोमणा मारायचं, "तुमच्याच हातात नाई, मंग आमाले काऊन इकता?"

कौसल्या म्हणायची, "माह्या नवऱ्याचं पोट भरा म्हणून. तुमाले आवडत असन तर घ्या, नसन आवडत तर उठा. मांग लाईन लागली हाय."

लाईन-बिईन काही नसायची. पण कोणी उठत नव्हतं.

आमच्यात बांगडी फुटली असं म्हणत नाहीत, वाढली म्हणतात. फुटली म्हणणं अशुभ. कौसल्या चारचौघात म्हणायची, "अजी, खोक्यात सात-आठ फुटल्या." बायका कानावर हात ठेवायच्या. ती म्हणायची, "वाढल्या असत्या तर इकल्या नसत्या का?"

तळेगावच्या बाजारातली एक गोष्ट सांगतो. श्यामजी पंताचं तळेगाव, आष्टी तालुक्यातलं. बाजार भरात होता. एक बाई सुनेला घेऊन आली. सून भरायला बसली, सासू बाजूला उभी. कपाळ मोकळं, हात मोकळे. नवरा जाऊन वर्ष-दोन वर्षं झाली असावीत. सुनेसाठी रंग पाहता पाहता तिची बोटं लाल बांगड्यांवर थांबली, आणि तिनं हात असा मागं घेतला की जसा तव्याला लागला.

कौसल्येनं ते पाहिलं. "बसा ना बाई तुमी बी."

"नाई वं माय. मले नाई चालत."

"चालत नाई का आवडत नाई? दोन गोष्टी येगयेगळ्या हायेत."

 सून खाली पाहत होती. मी आजूबाजूला पाहिलं. बाजारात भरायला बसलेल्या सगळ्या नवऱ्यावाल्या. त्यांच्यादेखत मी हिला भरल्या, तर माझ्या त्याच हातात पुढे कोणी आपला हात देणार नाही. बाजार गेला म्हणजे आठवड्याची चूल गेली.

बाई हळूच म्हणाली, "आवडते."

"मंग बसा," कौसल्या म्हणाली. मला म्हणाली, "तुमी थांबले काऊन? हात आखडला का?"

ती बसली. हात दोन-चार, पण कष्टाचा, कडक. मी सवयीनं विचारणार होतो, सासू कशी आहे. ती तर स्वतःच सासू. मग मी काही बोललोच नाही, आणि तरी तो हात आवळला नाही. माझ्या सगळ्या धंद्यात इतका सैल पडलेला हात मी पाहिला नाही. बांगड्या आपोआप गेल्यासारख्या गेल्या. वरची एक घातली तेव्हा तिनं हात जोडले नाहीत. हात कानाशी नेऊन हलवला. आवाज ऐकला.

रांगेतल्या दोघी उठून गेल्या. एक म्हणाली, "मोकळ्या कपाळाचा कासार झाला हा." मागं बसलेली एक म्हातारी पुढं सरकली, "बरं झालं, जागा झाली. मले हिरव्या दाखव, अन् भाव नीट सांग."

ते नाव मला त्या भागात चिकटलं. मोकळ्या कपाळाचा कासार. पुढच्या बाजारांना तशा आणखी आल्या. लपूनछपून नाही, सरळ. त्यातल्या काही इतका भाव करायच्या की मला वाटायचं, यांच्यापेक्षा त्या उठून गेलेल्या दोघी बऱ्या होत्या.

पुढं गुडघे गेले, बाजार सुटले. पोराची नोकरी वर्ध्याला लागली, म्हणून आम्ही वर्ध्याला लागून पिपरी मेघेला घर बांधलं आणि पुढच्या खोलीत दुकान टाकलं. बाजार सुटले तरी नखांची तपासणी सुटली नाही. नवी वस्ती, नवी माणसं. आणि मी काय पाहतो, तर सगळ्याच बायकांचे हात रिकामे. बँकेतल्या, शाळेतल्या, स्कुटीवाल्या. एका हातात घड्याळ, दुसऱ्यात काही नाही. कौसल्या आयुष्यात पहिल्यांदा सगळ्यांसारखी दिसायला लागली. तिला ते जरा जड गेलं. म्हणाली, "अजी, आता कोणी इचारतच नाई."

त्याच बायका लग्नात हळदीला येतात तेव्हा सगळ्यांच्या सारख्या पिवळ्या साड्या, सारख्या पिवळ्या बांगड्या. मोबाईलवर फोटो दाखवतात, बाबाजी, अश्शाच द्या. फोटो झाला की उतरवतात. कोणाला आवडतात, कोणाला नाही, हे पूर्वीही कळत नव्हतं, आताही कळत नाही. तेव्हा सगळ्या घालायच्या म्हणून घालायच्या. आता सगळ्या घालत नाहीत म्हणून घालत नाहीत.

अशात महिला मंडळाच्या एक मॅडम आल्या. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की कासाराच्या बायकोनं त्या काळी बांगड्या नाकारल्या. त्यांना कौसल्येचा सत्कार करायचा होता. म्हणाल्या, "मावशी, तुम्ही क्रांती केली. तुम्ही गुलामीची बेडी तोडली."

कौसल्या म्हणाली, "मॅडम, म्या काई तोडलं नाई. उतरवून ठेवल्या अन् यायनं इकल्या."

"तेच ते. तुम्ही सौभाग्याच्या खुणा सोडल्या."

"कुठं सोडल्या? हे पाहा मंगळसूत्र. हे मले आवडते. कुंकू तर लयच आवडते."

 मॅडमला क्रांती पाहिजे होती, अर्धीच निघाली. तरी सत्कार झाला, पत्रिका छापलेल्या होत्या. शाल दिली, नारळ दिला. कौसल्येला माईक दिला तर ती म्हणाली, "मले बांगड्या आवडत नाई. ज्याईले आवडते त्याईनं आमच्या दुकानातून घ्या." सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या. आणि कार्यक्रम संपल्यावर आलेल्या सगळ्या बायकांना मंडळातर्फे पिशवी वाटली. ब्लाउजपीस आणि हिरव्या बांगड्या. बांगड्या माझ्याच दुकानातल्या, मॅडमनं आदल्या आठवड्यात नेल्या होत्या. घरी येईपर्यंत आम्ही दोघं रिक्षात हसत होतो. रिक्षावाला मागं वळून पाहत होता, म्हातारा-म्हातारीला काय झालं म्हणून.

मग तिचं दुखणं निघालं. लांबलं नाही. दवाखान्यात एका दुपारी मी तिला संत्रं सोलून देत होतो. ती म्हणाली, "अजी, मी सवाष्ण जाईन. गोदाबाई येईन अन् माह्या हातात हिरवा चुडा भरवन, पाहजा. अन् भरणार कोण? तुमीच."

"मी नाई भरत."

"जनमभर कोण्या गिऱ्हाइकाले नाई म्हणाले का तुमी?"

"नाई, कोणालेच नाई."

"मंग मरणाच्या दारात म्हणसान?" तिला खोकला आला, तरी हसत होती. "पाहू. अन् भरल्या नाई तरी माह्या नावानं नवस सांगू नका. देवीले फुकटची मधात घेऊ नका."

मी संत्र्याची फोड तिच्या तोंडात घातली. गप्प बसावी म्हणून.

ती सकाळी गेली. ऊन चढायच्या आत अंगण भरलं. गोदावहिनी हिंगणघाटहून आली. नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला नवरीसारखं सजवतात. हिरवं लुगडं नेसवलं, कपाळभर कुंकू लावलं, ओटी भरली. मग गोदावहिनी दुकानात गेली आणि हिरव्या बांगड्यांचा जुडगा घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"भाऊजी, भरा. दुसऱ्या कोणाले जमणार नाई."

मी कौसल्येजवळ बसलो. हात हातात घेतला. लोकांना वाटलं भरतो आहे. माझा अंगठा सवयीनं तिच्या अंगठ्याच्या बुडाशी गेला. दोन-सहा. लग्नात पाहिला होता तेव्हाच कळलं होतं. इतक्या वर्षांत कामी आलं नव्हतं.

"नाई भरत," मी म्हणालो.

"अवं बाप्पा! काऊन?"

अंगणातलं रडणं थांबलं. बायका कान देऊन बसल्या. गोदावहिनी माझ्या कानाशी वाकली. तिचं मन वाईट नव्हतं, हे मी देवासमोर सांगीन. ती माझी लाज राखत होती. "बरं, नका भरू. पण कासाराच्या घरची सवाष्ण रिकाम्या हातानं गेली तर लोक तोंडात शेण घालतीन. मी सांगीन, तिचा नवस होता म्हणून. तुमी नुसती मान हलवजा. कोणी काई म्हणणार नाई."

मान हलवणं माझ्या धंद्यातलंच. गिऱ्हाईक काहीही बोललं तरी कासार मान हलवतो. मान हलवली असती तर हातही रिकामे राहिले असते आणि गावही खूश. फक्त जिनं सगळा जन्म ते खोटं परत केलं, तिच्या गळ्यात मी ते शेवटी बांधलं असतं. तेही ती उठून बोलू शकत नसताना.

"नवस नव्हता, वहिनी," मी मोठ्यानं म्हणालो. फाटकापर्यंत गेलं असेल. "तिले आवडत नव्हत्या."

"बस?"

"बस."

 मग मागून हिंगणघाटची एक जुनी शेजारीण रडत रडत म्हणाली, "खरंच हाय. देवीच्या पुजाऱ्याले बी तोंडावर हेच सांगतलं होतं तिनं. तो बिचारा परसाद द्याचा इसरला." एक बाई फुसकन हसली. तिनं पदर तोंडात घातला, तर दुसरी हसली. मयतीच्या घरात हसू फुटलं, रडण्यातच मिसळून गेलं. गोदावहिनीचे खांदे हलत होते. रडते की हसते मला कळलं नाही, मी विचारलंही नाही. तिनं जुडगा पुन्हा दुकानात नेऊन जागेवर ठेवला. सुतळीची गाठ नीट मारून ठेवला.

मी विधुर झालो. माझ्या अंगावरचं कोणी काही काढलं नाही, कारण काढायला काही नव्हतंच. नवरा गेला की बाईच्या अंगावरचं काय काय काढायचं ते मात्र लगेच मोजायला लागतात. हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं. बायकांचे हात धरून पोट भरलं आणि हे दिसायला स्वतःची बायको जावी लागली. असो. मास्तर म्हणाले होते, दिवाळीचा अंक आहे, रडवू नका.

म्हणून परवाचं सांगतो आणि थांबतो.

एक पोरगी आली, लग्नाची. सोबत आई आणि होणारी सासू. सासूनं रंग सांगितला, किती भरायच्या ते सांगितलं, पोरगी काहीच बोलली नाही. मी हात धरला. दोन-चार, मऊ हात, सहज जायला पाहिजे. पण बांगडी अंगठ्याशी आली की हात आवळायचा. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा आवळला. मी नणंदेचं विचारलं, तिला नणंदच नाही.

माझ्या डोक्यात उजेड पडला. हिला नको आहेत! दोघी बायकांपुढं बोलता येत नाही पोरीला. मी बांगडी खाली ठेवली. आजवर गिऱ्हाइकाला मी फक्त "कोणत्या?" विचारलं होतं. आता छाती पुढं काढून विचारलं, "पोरी, खरं सांग. तुले आवडते का, चालते म्हणून भरून राह्यली? नसन आवडत तर तसं बोल. या दुकानात कारण इचारत नाई."

सासू माझ्याकडे पाहतच राहिली. आई घाबरली. मला आतून मोठं बरं वाटत होतं. म्हटलं, कौसल्ये, पाहा.

पोरगी म्हणाली, "आजोबा, लय आवडते हो. कोपरापर्यंत भरा. पण तुमचं नख रुतून राह्यलं ना!"

मी हाताकडे पाहिलं. नखं ही एवढी वाढलेली. उन्हाळ्यापासून कोणासमोर हात धरलेच नव्हते.

सासू आधी हसली, मग आई, मग पोरगी. मीही हसलो. आत जाऊन नेलकटर शोधला. तो कौसल्येच्या कुंकवाच्या डब्याशेजारी, होता तिथंच होता. तिघींना बसवून ठेवून दहाही नखं कापली, आणि सवयीनं दोन्ही हात पुढं धरले. पोरीनं तपासून पाहिले. म्हणाली, "हं, आता भरा."

कोपरापर्यंत भरल्या. लाल, तिनंच मागितल्या, सासूनं सांगितलेल्या हिरव्यांच्या मध्ये मध्ये. वरची एक घातली, ती कासाराची. ती हात जोडून उठायला लागली तर मी म्हटलं, थांब, आणि आणखी एक घातली.

सासूनं विचारलं, "बाबाजी, दोन काऊन?"

मी सांगितलं नाही.